पंचेचाळीस जणांचा युरोप : सहलकंपनीबरोबर केलेल्या प्रवासाची मराठी वर्णने

मी पाहिलेल्या मराठी प्रवासवर्णनाच्या एकाही आढाव्यात सहलकंपनी भेटत नाही. गोडसे भटजी भेटतात, पंडिता रमाबाई भेटतात, अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे आणि मीना प्रभू भेटतात. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गातल्या असंख्य माणसांनी परदेश पाहिला तो बसच्या खिडकीतून, चाळीस-पंचेचाळीस जणांच्या सोबतीने, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवून. त्यांतल्या पुष्कळांनी परत आल्यावर तो लिहूनही काढला. हे लिखाण वाङ्मयाच्या हिशेबात धरायचे की नाही, आणि धरायचे तर कसे वाचायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हे साहित्य शोधायला मला कुठे जावे लागले नाही. गेली सव्वीस वर्षे मी सांगलीत अक्षरजुळणीचा व्यवसाय करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका यांच्याबरोबर माझ्याकडे वह्या येतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, डॉक्टरीणबाई, एखाद्या आजी. साठ-सत्तर पानांची पुस्तिका करायची असते, मधे रंगीत फोटोंची आठ पाने, शंभर किंवा दोनशे प्रती. एकसष्टीला, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटायच्या. दुकानात विकायला या पुस्तिका जात नाहीत, म्हणून ग्रंथालयांतही नाहीत. प्रत्येकीची एक प्रत मी ठेवून घेत गेले. पुढे ओळखीच्या मुद्रकांकडून आणि रद्दीवाल्यांकडूनही मिळवल्या. आता कपाटाचे दोन कप्पे भरले आहेत. माझा विद्यापीठाशी संबंध नाही. वसंत सावंत यांचा ‘प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार’ हा ग्रंथ हाती आला तेव्हा आपण जमवतो आहोत त्याला काही नाव असू शकते, हे प्रथम लक्षात आले. या पुस्तिकांच्या लेखकांची नावे मी देत नाही. घरच्यांसाठी लिहिलेला मजकूर आहे, आणि काही जण आज नाहीत.

या लिखाणाचा काळ ठरवणे सोपे आहे. १९९१ नंतर परकीय चलन सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. २६ मार्च १९९५ पासून शेंगेन करारातल्या देशांनी आपसांतल्या सीमेवरची तपासणी उठवायला सुरुवात केली आणि एका व्हिसावर चार-पाच देश बसने ओलांडणे शक्य झाले. २००२ च्या जानेवारीत युरोच्या नोटा हातात आल्या, लिरा आणि फ्रँकची गणिते संपली. (स्वित्झर्लंडचा फ्रँक तेवढा राहिला, आणि पुस्तिकांमधला वैतागही.) स्वित्झर्लंडने सीमेवरची तपासणी डिसेंबर २००८ मध्ये काढली; त्याआधीच्या पुस्तिकांत त्या व्हिसाची वेगळी धावपळ असते. माझ्या कपाटात पातळ पुस्तिका जुन्या आहेत. २००८ नंतरच्या जाड आहेत, कारण डिजिटल कॅमेऱ्याने फोटो वाढले.

आता वाङ्मयीन प्रश्नाकडे येते.

सहल आणि प्रवास यांच्यात आपण सोवळे-ओवळे पाळतो. प्रवासी एकटा जातो, चुकतो, स्थानिकांच्या घरी जेवतो. सहलीला जाणारा मेंढरासारखा जातो आणि पॅरिसमध्ये पोळी-भाजी मागतो. हे हसू आपले वाटते, पण ते उसने आहे आणि त्याचे वय दीडशे वर्षांहून जास्त आहे. टॉमस कुक या लाकूडकाम करणाऱ्या बाप्टिस्ट प्रचारकाने ५ जुलै १८४१ रोजी मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टरहून लफबरोला एक शिलिंग दरात रेल्वेने लोक नेले. पुढे तो युरोपखंडात सहली नेऊ लागला. कारकून, शिक्षिका, दुकानदार इटलीत दिसू लागले, आणि १८६५ साली चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये टोपणनावाने त्यांच्यावर झोड उठवली. चाळीस-चाळीसांचे कळप, आणि त्यांच्याभोवती मेंढपाळाच्या कुत्र्यासारखा फिरणारा संचालक, असे त्याचे वर्णन आहे. लीव्हर स्वतः इटलीतल्या ला स्पेझिया इथे ब्रिटिश सरकारचा उपवाणिज्यदूत होता. म्हणजे त्याचे इटलीत राहणे सरकारी पगारावर चालले होते. ज्याला स्वतःच्या पैशाने आणि पंधरा दिवसांच्या रजेत इटली पाहायची आहे त्याने काय करावे, हा प्रश्न त्याला पडायचे कारण नव्हते.

मराठी प्रवासवर्णनातही हा फरक आहे, पण आपण तो बोलून दाखवत नाही. ‘अपूर्वाई’ (१९६०) मागे बीबीसीतले प्रशिक्षण होते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि नंतर अमेरिकेला गेल्या त्या शिकायला आणि काम उभे करायला. १८८९ च्या त्यांच्या अमेरिकेवरच्या पुस्तकात समाजव्यवस्थेचे जे निरीक्षण आहे ते राहण्यातून आले आहे. मीना प्रभू लंडनला स्थायिक झालेल्या डॉक्टर होत्या. या लेखकांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण साठीला पहिला पासपोर्ट काढणाऱ्या, बँकेची कागदपत्रे आणि विवरणपत्रे गोळा करताना घाबरणाऱ्या, इंग्रजी वाचता येते पण बोलता येत नाही अशा माणसापुढे हे नमुने ठेवले की काय होते, ते माझ्या कपाटात दिसते. तो त्यांची नक्कल करू लागतो.

पु.लं.ची नक्कल सर्वांत जास्त. विमानातल्या जेवणावर विनोद, बायकोच्या खरेदीवर विनोद, काटा-चमच्यावर विनोद. पु.लं.चा विनोद माणसांशी वारंवार गाठ पडल्यावर फुलतो. एका रात्रीच्या मुक्कामात, गावाबाहेर हमरस्त्यालगतच्या हॉटेलात, कुणाशी गाठ पडणार? मग विनोद तिथे पोहोचण्याआधीच तयार करून नेल्यासारखा वाचावा लागतो.

दुसरी नक्कल माहितीपत्रकाची, आणि सहलकंपन्यांच्या चालकांचे रविवारच्या पुरवण्यांत जे लेख येतात त्यांची. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’, ‘अविस्मरणीय’. यांबद्दल शिक्षित वाचक नाक मुरडतात. मी ही विशेषणे हजारो वेळा जुळवली आहेत, त्यामुळे मला त्यांचा कंटाळा येण्याचा अधिकार जास्त आहे. तरी त्यांतल्या एकाबद्दल मला वेगळे वाटते. ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हा शब्दप्रयोग जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत, बहुधा आल्प्सच्या बर्फापाशी येतो. पारणे उपासाचे असते. ज्या माणसाने पोरांची शिक्षणे, घराचे हप्ते, आईवडिलांची आजारपणे उरकून बासष्टाव्या वर्षी बर्फ पाहिला, त्याने हा शब्द वापरला तर तो मला गुळगुळीत वाटत नाही. तो हिशेबाने वापरलेला आहे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या पुस्तिकांत गट नसतो.

हे प्रथम मला आकड्यांवरून नव्हे, व्याकरणावरून जाणवले. मुंबईचे विमान सुटेपर्यंत ‘आम्ही’ असते. लंडनला उतरल्यावर हळूहळू ‘मी’ येतो. मी आयफेल टॉवरपाशी उभी होते, मी विचारात पडलो, माझे मन भूतकाळात गेले. प्रत्यक्षात त्या वेळी टूर मॅनेजर छत्री उंच करून ओरडत असतो, कुणाच्या तरी आजी स्वच्छतागृहाच्या रांगेत अडकलेल्या असतात, आणि मागच्या कुटुंबाचा शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा फिरत असतो. हे सगळे गाळले जाते. का, तर प्रवासवर्णन एकट्याचे असते असे लेखकाने शाळेत वाचले आहे. लीव्हरचे हसू त्याच्या स्वतःच्या कानात आहे. ज्यांच्यासोबत पंधरा दिवस काढले, ते लोक शेवटच्या पानावर ‘सहप्रवाशांचेही आभार’ एवढ्या ओळीत आटोपतात. परदेशाचा त्याला आलेला अनुभव दिवसाकाठी तासा-दीड तासाचा, आणि या माणसांचा सोळा तासांचा. लिहिण्यासारखे ज्याच्याजवळ मुबलक होते ते टाकून, ज्याच्याजवळ तुटपुंजे होते ते पसरून लिहिले जाते.

गटाने प्रवास करण्याची आणि ते सांगण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? नामदेवांच्या ‘तीर्थावळी’त ज्ञानदेवांची सोबत हाच विषय आहे. विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झाल्यावर एक योगसामर्थ्याने पाण्यापर्यंत पोहोचतो आणि दुसरा विठ्ठलाचा धावा करून विहीर भरून वाहायला लावतो, ही कथा दोन सहप्रवाशांच्या स्वभावांची आहे. मारवाडच्या वाळवंटाचे वर्णन त्यात शोधायला गेलो तर फारसे हाती लागणार नाही. दिंडीचे तर सगळेच गटाचे. क्रमांक ठरलेला, रथापुढे की रथामागे ते ठरलेले, मुक्काम ठरलेला. आणि तक्रारीचीही सोय असते. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीत मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, ऐकतो, मग पुढचे सुरू होते. सगळ्यांसमक्ष, त्याच दिवशी. आमच्या सहलीत शेवटच्या संध्याकाळी एक छापील अर्ज दिला गेला. ‘उत्तम, चांगले, बरे’ यांतल्या एका चौकोनात खूण करायची होती, आणि मॅनेजर समोर उभा होता. त्या गरीब पोराची नोकरी कोण घालवणार? सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली, मीही केली. पुस्तिकांची शेवटची प्रकरणे मला या अर्जासारखी वाटतात.

मी गेले ती सहल २०१६ ची. लंडन ते रोम, पंधरा दिवस. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही; जे झाले ते त्या कंपनीपुरते नव्हते असे इतर पुस्तिकांवरून दिसते. ल्यूसर्नला घड्याळांच्या दुकानात आम्हाला अडीच तास मिळाले, आणि लूव्र संग्रहालयात सगळे मिळून सत्तर मिनिटे. त्या सत्तर मिनिटांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण लूव्र प्रत्येक पुस्तिकेत आहे आणि प्रत्येक पुस्तिकेत एकच वाक्य आहे : मोनालिसा अपेक्षेपेक्षा लहान निघाली. निघणारच. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. पण त्याच दालनात, मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, म्हणजे रांगेतल्या लोकांच्या पाठीमागे, लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र आहे. पाओलो व्हेरोनेसेने १५६३ मध्ये पूर्ण केलेले ‘काना येथील लग्नाची मेजवानी’. जवळजवळ दहा मीटर लांब. शंभरावर माणसे, वाढपी, वादक, कुत्री, वरच्या सज्जात मांस कापणारे आचारी. ही एक प्रचंड पंगतच आहे. ते व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे या बेटावरच्या मठातल्या भोजनगृहासाठी काढले होते. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते काढून पॅरिसला नेले आणि ते परत गेले नाही. मठात २००७ पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती लावलेली आहे.

सहा दिवसांनी आमची सहल व्हेनिसला होती. सान मार्को चौकापासून धक्क्यावर आलो की समोर पाण्यापलीकडे तेच बेट दिसते. सगळ्यांनी त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढले. दोन्ही ठिकाणे एकाच तिकिटात असताना त्यांना जोडणारी दोन वाक्ये कुणी बोलले नाही. दहा देश पंधरा दिवसांत पाहण्यावर जी टीका होते ती वेगावर होते. मला वाटते वेग हा मोठा दोष नाही. वेगाने जाणाऱ्यालाच पॅरिस आणि व्हेनिस एका आठवड्यात दिसतात, आणि एकाने दुसऱ्याचे काय नेले हे डोळ्यांनी ताडता येते. वर्षभर पॅरिसमध्ये राहणाऱ्याला ही सोय नाही. ती वाया जाते, आणि पुस्तिका लिहिणारा घरी निवांत बसून लिहीत असतानाही ती वाया घालवतो, ही तक्रार आहे.

आणखी एक गोष्ट गाळली जाते ती पैसा. इथे गोडसे भटजी आठवतात. ‘माझा प्रवास’ (१९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केले) हे सत्तावन्नच्या धामधुमीसाठी वाचले जाते, पण ते सुरू होते घरच्या कर्जापासून. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, म्हणून वरसईचा हा भिक्षुक काकांबरोबर निघतो. किती मिळाले, किती लुटले गेले, हे तो लपवत नाही. आजच्या पुस्तिकेत युरोचा दर असतो आणि स्वच्छतागृहाला मोजलेल्या नाण्यांचे दुःख असते, पण सहलीचे पैसे कुठून आले हे नसते. अर्पणपत्रिकेत ‘चि.’ आणि ‘सौ.’ यांची नावे असतात, त्यावरून ओळखायचे. मुलाने पाठवले, की फंडाच्या रकमेतून, की शेताचा तुकडा रस्त्यात गेला त्याच्या भरपाईतून? अक्षरजुळणीच्या वेळी समोर बसून लोक हे मला सांगतात. मी म्हणते, लिहा की. ते हसतात.

या सगळ्याला छेद देणाऱ्या दोन पुस्तिका माझ्याकडे आहेत.

पहिली एका निवृत्त एसटी कंडक्टरची. मुलाने आईवडिलांना युरोपला पाठवले, हे पहिल्याच पानावर रकमेसह लिहिले आहे. या माणसाने आयफेल टॉवर चार ओळींत उरकला आहे आणि बसवर अकरा पाने लिहिली आहेत. सामानाचा कप्पा कसा उघडतो, दार कुठल्या बाजूला, चालक आपले कार्ड यंत्रात घालतो तेव्हा काय नोंदले जाते. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते, आणि दिवसाचे चालवणे साधारणपणे नऊ तासांपुढे नेता येत नाही. इतर पुस्तिकांत हा नियम ‘तिकडची शिस्त’ म्हणून येतो आणि लगेच आपल्या देशाला चार शब्द सुनावले जातात. कंडक्टरसाहेबांनी त्याचा संबंध अचूक ओळखला आहे : मॅनेजर सकाळी साडेसातला ओरडतो तो आपल्यावर नाही, त्या यंत्रावर. आपण दुकानात घालवलेली वीस मिनिटे संध्याकाळी चालकाच्या विश्रांतीतून जातात, आणि तो ती जाऊ देणार नाही. मग ते मुक्कामी गाडी, पहाटेची पहिली फेरी आणि गावच्या देवळात काढलेल्या रात्रींकडे वळतात. पोलंडच्या त्या चालकाशी त्यांना बोलता येत नव्हते. दोघांनी बोटांवर मोजून एकमेकांना नोकरीची वर्षे सांगितली. रोजच्या टिपेचे युरो गोळा करताना कुणी कुरकुर केली हेही नावे न घेता, पण आसनक्रमांकासह लिहिले आहे. आणि मॅनेजरची माणसे मोजण्याची पद्धत चुकीची कशी होती, त्यावर एक परिच्छेद आहे : पुढून मागे मोजत गेले की आपल्या मागे लोक उठतात, मागून पुढे मोजावे. तिसऱ्या दिवसापासून मोजणी त्यांच्याकडे आली.

ही पुस्तिका चांगली का आहे, याचे माझे उत्तर असे की या माणसाला आपण कोण आहोत ते ठाऊक होते. त्याने पु.लं. होण्याचा प्रयत्न केला नाही. त्याचा युरोप बारीक पट्टीएवढा आहे, पण तो त्याने स्वतः पाहिलेला आहे.

दुसरी पुस्तिका एका विधवा बाईंची, वय सदुसष्ट. एकटीने जाणाऱ्याला वेगळी खोली हवी तर बरेच पैसे जादा पडतात, म्हणून कंपनी दोन एकट्या बायकांना एका खोलीत घालते. बाईंच्या वाट्याला नागपूरकडच्या एक निवृत्त परिचारिका आल्या. चौदा रात्री, सात हॉटेले, एक खोली. पहिल्या रात्री दिवा कुणी बंद करायचा यावरून अबोला. एकीला पहाटे हरिपाठ म्हणायची सवय, दुसरीला झोप न आल्यामुळे रात्री दोन वाजता चहा. मधे कपाळाला हात लावावा असे प्रसंग आहेत : गरम पाण्याचा नळ, भिजवलेले मूग, बाथटबमध्ये घसरण्याची भीती आणि म्हणून दार आतून न लावण्याचा करार. युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवर, बाईंना धाप लागली. १९१२ पासून चालणारी ती आगगाडी डोंगर पोखरून वर जाते. पुस्तिकांमध्ये त्या बोगद्याचे कौतुक भरभरून असते. इथे बोगदा दोन शब्दांत आहे. बाकी आहे ते नाडीवर ठेवलेले खोलीतल्या सोबतिणीचे बोट, आणि नवऱ्याच्या शेवटच्या आजारात असेच कुणीतरी नाडी धरून बसले होते ती आठवण. त्या दोघी वर बर्फात गेल्याच नाहीत. काचेतून पाहिले आणि सूप प्यायल्या.

हे वाचून मला इंग्लंडच्या जेमायमा मॉरेलची आठवण होते. कुकने १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला पहिली सहल नेली, तिच्यात यॉर्कशरची ही तिशीतली बाई होती. तिने रोजनिशी ठेवली. तिच्या चमूने स्वतःला ‘ज्युनिअर युनायटेड आल्पाइन क्लब’ असे थट्टेचे नाव घेतले होते आणि ती रोजनिशी त्या चमूची म्हणून लिहिली आहे. छापून आली ती शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये. आज कुकच्या सहलींचा इतिहास लिहिणाऱ्यांना तिच्याकडे जावे लागते. लीव्हरच्या टवाळीकडे ते उदाहरणापुरते जातात.

एका गोष्टीत मात्र वरच्या दोन्ही पुस्तिका इतरांसारख्याच आहेत. त्यांच्यातही परक्या देशातला एकही माणूस बोलत नाही. चालक बोटांनी बोलतो, एवढेच. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका, भारतीय उपाहारगृहात वाढणारी मुले (ही बहुतेकदा आपल्याच उपखंडातली असतात आणि हिंदी बोलतात), चौकात किल्ल्यांच्या साखळ्या विकणारे सेनेगली किंवा बांगलादेशी तरुण, ही माणसे सहलीला रोज भेटतात. त्यांच्याशी बोलायला फ्रेंच लागत नाही. किल्ल्यांच्या साखळीचा भाव किती पाडला हे सांगितले जाते. कोणत्या गावचा, कधी आला, हे विचारले जात नाही. सहलीच्या आखणीला याचा दोष देता येत नाही. रोमला ट्रेव्ही कारंज्याजवळ आमच्यातल्या एका काकूंनी साखळीवाल्याला बंगालीत दोन वाक्ये विचारली. त्यांचे बालपण कोलकात्यात गेले होते. त्या पोराने नंतर आम्हाला भाव पाडूच दिला नाही, फुकटच देऊ लागला, आणि कुणालाही ते घेणे जमेना.

पुढे व्हेनिसने २०२४ पासून पंचविसांहून मोठ्या गटांना आणि ध्वनिवर्धकांना बंदी केली. पंचेचाळिसांच्या सहलीला तिथे दोन तुकड्या कराव्या लागतात. हा बदल अजून माझ्याकडे आलेल्या एकाही पुस्तिकेत दिसलेला नाही, कारण पुस्तिका येणेच कमी झाले आहे. २०२० नंतर मी फक्त तीन जुळवल्या. सहली थांबलेल्या नाहीत. लिखाण व्हॉट्सॲपवर गेले आहे. प्रत्येक सहलीचा एक गट असतो आणि तो सहल संपल्यावरही चालू राहतो. असे काही गट मला दाखवण्यात आले. त्यांत ज्या गोष्टीची मी पुस्तिकांत वाट पाहत होते ती सगळी आहे : भांडणे, हरवलेला पासपोर्ट, रात्री साडेअकराला कुणाकडे इसबगोल आहे का ही विचारणा, बस चुकलेल्या जोडप्यासाठी एकामागून एक वीस संदेश, सहा महिन्यांनी त्यांतल्या एकाच्या निधनाची बातमी आणि त्याखाली त्याचा टिटलिसवरचा फोटो. ‘मी’ एकटा कुठे सापडत नाही.

फोन बदलला की हे जाते. एका गृहस्थांकडून मी त्यांच्या सहलीचा पूर्ण मजकूर परवानगीने उतरवून घेतला आहे, गटातल्या सगळ्यांना विचारून. दोघांनी नकार दिला. त्यांचे संदेश वगळले आहेत. जुळणी चालू आहे. सुप्रभातची चित्रे काढून टाकल्यावर साधारण एकशे दहा पाने होतील असा अंदाज आहे.